मातीचा म्हातारा

दहा किटल्या घेतल्या की एक म्हातारा फुकट,
असा कुंभाराचा हिशेब.
दहाव्या किटलीच्या तोटीला चीर होती,
आणि म्हाताऱ्याचा डावा कान
कुंभाराच्या अंगठ्याखाली दबलेला.
तेव्हापासून तो इथे बसतो, भट्टीच्या कडेला,
वीतभर उंच, मांडीवर गुंडाळी,
चहाचे गुरुजी, ग्वान बोयान.

धंदा बसला की लोक देव पाण्यात ठेवतात.
आम्ही हूचौचे चहावाले
ह्याच्या डोक्यावर उकळतं पाणी ओततो.
सासरे ओतायचे, शिव्या घालत.
नवरा ओतायचा, डोळे मिटून.
मी आधी उजव्या कानाशी वाकून विचारते,
काय गुरुजी, आज कुठल्या झऱ्याचं देऊ?

आयुष्यभर पाण्यामागे हिंडले म्हणतात.
मिठाच्या कोठीवर कारकून होते.
एका हिवाळ्यात तराजू तसाच लोंबकळत सोडून
उठले, डोंगराकडे निघाले.
बायकोने तीन वर्षं त्यांचा वाडगा पालथा ठेवला,
चौथ्या वर्षी त्यात कांदापातीचं बी ठेवलं.
झिजलेल्या गवती चपलांची नोंद आहे:
एकशे बारा जोड.
बायकोची नाही.
कुठल्या उतारावर धुकं किती वेळ टेकतं,
कुठल्या मातीतलं पान जिभेच्या कडेला बसतं,
कुठलं घशाखाली उतरून
मग मागे वळून बघतं, ते सगळं आहे.
पोथी पुरी झाली तेव्हा तोंडात दात तीन होते.

त्यातलं एक वाक्य सगळ्यांना पाठ:
रेशीमकिडे तुतीची पानं कुरतडतात
तसा आवाज आला, की पाणी उतरवा.
राजधानीतले अधिकारी हे म्हणून माना डोलावतात.
त्यांनी किडे ऐकलेत कधी?
रात्री, टोपल्यांच्या खोलीत, दिवा विझवून?

माझ्या आजीची आजी, लुओ सान्न्यांग,
दिवसा चहा खुडायची, रात्री किडे पोसायची.
तिच्या दारात एका संध्याकाळी
खोकत खोकत एक माणूस आला.
तिने पाणी चढवलं.
तो झाकण उचलायला गेला,
तिने हातावर चापट मारली.
बघू नका, ऐका.
भिंतीपलीकडे किडे खात होते, अलीकडे किटली.
दोन्ही आवाज वेगळे ओळखू येईनात
तेव्हा ती म्हणाली, आता.

एवढंच.
त्याने म्हणे समासात लिहिलंही होतं,
बारीक अक्षरात: लुओच्या घरची बाई म्हणाली.
मग पोथीच्या नकला झाल्या. दहा, शंभर.
कुणा नकलकाराचा कागद अपुरा पडला असेल,
किंवा शाई. किंवा जेवायची वेळ झाली असेल.
समास गेला. वाक्य राहिलं.

मी गुरुजींना दोष देत नाही.
म्हणजे, देते. दर मंदीत देते, उकळता.

यंदा चहाच्या वड्यांना बुरशी धरली,
सरोवरापलीकडचे व्यापारी फिरकलेच नाहीत.
काल किटली चढवली, ओतायचीच म्हणून.
म्हाताऱ्याच्या कपाळावर तडे गेलेत,
नाकाचा शेंडा कधीच उडाला.
किती दुकानांची उधारी एका मडक्याच्या डोक्यावर!
लेक कंटाळली.
ओतायचं ना, आई?
मी म्हटलं, थांब, कान दे.

भट्टी धुमसत होती.
बाहेर गाढववाला टोलनाक्याच्या शिपायाशी
दोन नाण्यांवरून भांडत होता.
आमच्या घरात किडे नाहीत आता,
तुतीची झाडं सासऱ्यांनीच विकली.
लेकीला मी कशासारखं ऐकायला सांगणार?
म्हटलं, आलं का काही?
नाही.
आणि आता?

तिने ओठांवर बोट ठेवलं
आणि मलाच गप्प केलं.